रकमेचा उगम

माझा मामा काचेचं काम करायचा. म्हणजे खिडक्यांना काचा बसवायचा नव्हे. विद्यापीठाच्या रसायन विभागाच्या तळघरात एक लांबट खोली होती, तिथे अडतीस वर्षं ज्योतीसमोर बसून तो प्रयोगशाळेची भांडी बनवत होता. चंबू, परीक्षानळ्या, आणि एकात एक गुंतलेल्या अशा काही नळ्या, की बनवून घेणाऱ्या प्राध्यापकालाच पुन्हा चित्र काढून दाखवा म्हटलं तर घाम फुटावा. विद्यार्थी फोडायचे, मामा नवं करून द्यायचा. एवढंच त्याचं काम, असं आम्ही घरातले धरून चाललो होतो.

लग्न त्याने केलं नाही. आमच्याच घरी वरच्या मजल्यावर राहायचा आणि खाली जेवायला यायचा. आई त्याची धाकटी बहीण. ती जेवताना चार प्रश्न विचारायची, तो एकाचं उत्तर द्यायचा आणि उरलेल्या तिन्हींची उत्तरं आईच देऊन टाकायची. मी लहानपणी भांडखोर होते म्हणून त्याने मला ‘वकीलबाई’ म्हणायला सुरुवात केली. माझं वय चाळिशीला टेकलं तरी त्याच्या तोंडी तेच.

वकील मी नाही, पण कागदांची बाई आहे. व्हिसाच्या फायली तयार करून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी अकरा वर्षं काम करते. कुणाला शिकायला जायचं असतं, कुणाला लेकीकडे राहायला. लोक पिशवी भरून कागद आणतात आणि मी ते ओळीने लावून देते. बँकेचं स्टेटमेंट एकदा डोळ्यांखालून घातलं की समोरचा माणूस मला आरपार कळतो, असा माझा समज होता.

निवृत्त होऊन तीन महिने झाले असतील, एका सकाळी मामा खाली आला आणि माझ्या चहाच्या कपाशेजारी एक पाकीट ठेवून उभा राहिला.

“काय आहे?”

“वाच.”

परदेशातल्या, समुद्रकाठच्या एका शहरातल्या संग्रहालयाचं पत्र होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे शिकवण्यासाठी म्हणून काचेचे समुद्रजीव बनवून घेतले होते. शेकड्यांनी. आता ते तडकत होते, त्यांचे हातपाय निखळत होते, आणि दुरुस्त करणारे हात जगात मोजकेच उरले होते. मामाच्या विभागातला एक जुना विद्यार्थी तिथे नोकरीला होता, त्याने मामाच्या हातच्या काही वस्तूंचे फोटो तिथल्या प्रमुख बाईंना दाखवले होते. बाईंनी लिहिलं होतं, एक वर्षासाठी या. पगार देता येणार नाही. टेबल, दिवा आणि कपाटांच्या किल्ल्या देऊ.

“जायचंय?” मी विचारलं.

मामाने मान हलवली. एवढ्या जोरात मान हलवताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “कुठे जायचंय? ह्या वयात? दादा, तुला साधं बसचं तिकीट नीट सांभाळता येत नाही!”

“ही सांभाळेल,” माझ्याकडे बोट दाखवून मामा म्हणाला, आणि विषय संपला.

वर्षभराच्या मुक्कामाचा व्हिसा, आणि तिथे पगार नाही. अशा वेळी ते सरकार एकच गोष्ट विचारतं. मग खाणार काय? वर्षभर आपल्या पैशांवर राहता येईल एवढी रक्कम बँकेत दाखवावी लागते. ती निदान तीन महिने खात्यातून हललेली नसावी. आणि गेल्या सहा महिन्यांत एखादी मोठी रक्कम एकदम जमा झाली असेल तर ती कुठून आली हे सांगावं लागतं. कारण शेजाऱ्यापाजाऱ्याकडून पैसे आणून खात्यात टाकायचे आणि शिक्का मिळाला की परत करायचे, ही हुशारी त्यांना आपल्याइतकीच ठाऊक असते. अर्जात त्या रकान्याला ‘रकमेचा उगम’ म्हणतात. त्या रकान्यात लोकांनी काय काय लिहिलेलं मी वाचलंय, ते पुन्हा कधीतरी.

मामाचं स्टेटमेंट मी उघडलं आणि चहा गार झाला. पैसे पुरेसे होते. पण त्यातला बराच मोठा वाटा पाच महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, एकाच वेळी जमा झाला होता.

“हे कुठून आले, मामा?”

“एक वस्तू विकली.”

“कसली वस्तू?”

“काचेची.”

“कुणाला?”

यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला. मला वाटलं, लाजतोय. मी खोदून विचारलं नाही. रोज ऑफिसात येणाऱ्या लोकांना मी सांगतेच की थोडक्यात लिहा, एक शब्द जास्त गेला की दहा प्रश्न येतात. तेव्हा मी त्या रकान्यात लिहिलं, ‘स्वतः बनवलेल्या काचेच्या शोभेच्या वस्तूची विक्री.’ सोबत बँकेची नोंद जोडली, मामाची सही घेतली आणि फाइल दिली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. नकार नव्हता, पण नकाराच्या उंबरठ्यावर होतं. प्रयोगशाळेतल्या निवृत्त तंत्रज्ञाने शोभेची एक वस्तू एवढ्या किमतीला विकली हे पटण्याजोगं नाही, खरेदीदाराचं निवेदन आणि त्याच्याकडे एवढे पैसे कुठून आले याचे कागद दहा दिवसांत हजर करा, नाहीतर अर्ज निकाली काढू.

ऑफिसात आमच्या साहेबांनी कोपरखळी मारलीच. “काय हो, घरचीच फाइल परत आली म्हणे?” मी मान वर केली नाही.

त्या दिवशी मामा जेवायला आल्यावर मी त्याला पत्र वाचून दाखवलं. त्याने हातातला चमचा खाली ठेवला.

“बाईंना विचारावं लागेल.”

“कोण बाई?”

“ज्यांनी घेतली त्या.”

“मग कर ना फोन.”

“फोनवर नाही. मी त्यांना शब्द दिलाय. कुणाला सांगणार नाही म्हणून.”

आईचे डोळे मोठे झाले. मामाच्या आयुष्यात एक बाई आहे आणि तिला दिलेला एक शब्द आहे, हे पचवायला तिला पाण्याचा अख्खा पेला लागला.

शनिवारी आम्ही दोघं दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. खाली दातांचा दवाखाना, बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, तिसऱ्या मजल्यावर बाईंचं घर. दार त्यांनीच उघडलं. वय ऐंशीच्या पुढे. उंच, केस अगदी बारीक कापलेले, हातात काठी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

“काचवाले, आज शनिवार. तुम्ही तर रविवारचे.”

“अडचण आहे, बाई.”

“आणि ही कोण?”

“भाची. वकीलबाई.”

“खरोखरची वकील?”

“नाही हो. तोंडाने,” मामा म्हणाला.

मी मामाकडे बघतच राहिले. माझा मामा विनोद करत होता, आणि तोही परक्या घरी.

बाईंनी आम्हाला बसवलं. भिंतभर पुस्तकं आणि समुद्राचे नकाशे. बोलता बोलता कळलं की त्या आयुष्यभर खोल समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करत होत्या. मी त्यांच्यापुढे पत्र ठेवलं आणि ऑफिसातल्या आवाजात नियम समजावून सांगितला. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि मग हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला.

“म्हणजे यांना पुरावा हवाय! काचवाले, चाळीस वर्षांनी पुन्हा तेच!”

मामाही हसला. मला काही उमगेना.

“हिने पाहिलंय?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“घरात कुणीच?”

“शब्द दिला होता ना तुम्हाला.”

बाई त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग काठी टेकत उठल्या. “ये गं वकीलबाई.”

आतल्या खोलीच्या खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. भिंतीशी कपाटाएवढी एक पेटी होती, समोरून उघडी, आतून काळ्या मखमलीने मढवलेली. बाईंनी मला दोन पावलं लांब उभं केलं. “हात मागे बांध. श्वास हळू घे.” मग त्यांनी पेटीच्या तळाशी असलेला एक लहानसा दिवा लावला.

सुरुवातीला मला काहीच दिसलं नाही. काळं मखमल तेवढं. मग त्या काळोखात उजेडाची एक कड उमटली, पाण्याच्या थेंबाला असते तशी, आणि त्या कडेच्या मागोमाग सगळा आकार हळूहळू डोळ्यांत भरला. माझ्या हाताएवढी लांब एक घंटा अधांतरी होती. तिच्या आत दुसरी, तिच्याहून पातळ, आणि दोघींच्या मधल्या पोकळीत शेंदरी ठिपक्यांची एक रांग वळसे घेत वर गेलेली. खालच्या कडेपासून केसाहून बारीक तंतू निघाले होते, काही सरळ, काही मध्येच वळलेले, जणू आत्ताच कशाची तरी चाहूल लागून ते थबकले होते. प्रत्येक तंतूवर मण्यांसारखे फुगवटे, खाली जावं तसे लहान होत गेलेले. शेवटचे तर दिसायचेही नाहीत, फक्त चमकायचे.

मी मागे बांधलेले हात आणखी घट्ट धरले. तो जीव माझ्याकडे बघून निघून जाईल अशी मला खरोखर भीती वाटली.

“हे काच आहे?” मी विचारलं.

“काच आहे,” मामा मागून म्हणाला.

“कशावर बनवलंस? चित्र होतं? फोटो?”

“बाईंनी सांगितलं.”

मग बाईंनी त्या दिवशीची गोष्ट सांगितली. त्या चाळिशीत असताना दोन माणसं मावतील एवढ्या पाणबुडीतून खोल समुद्रात उतरल्या होत्या. वर यायची वेळ झालेली, बॅटरी संपत आलेली, कॅमेरा थंडीने अडकून पडलेला. पाणबुडी चालवणारा पाठ फिरवून काटे तपासत होता. तेवढ्यात दिव्याच्या झोतात हा जीव आला. सव्वा मिनिट थांबला, वळला आणि गेला. असा जीव तोवर कुणी पाहिला नव्हता. बाईंनी वर येऊन तासाभरात पेन्सिलने चित्र काढलं आणि पुढे त्यावर लेख लिहिला. सभेत एक मोठे शास्त्रज्ञ उठले आणि म्हणाले, बाईंनी आपल्या ओळखीच्याच एका जिवाचा फाटका तुकडा पाहिला असावा, खोल पाण्यात माणूस दमतो. सभागृह हसलं. बाईंनी लेख मागे घेतला आणि पुढची चाळीस वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

“मग मामा कसा भेटला?”

“माझ्या सूक्ष्मदर्शकाखालची एक तबकडी फुटली, म्हणून विद्यापीठात गेले. तळघरात हे बसलेले. जांभळा चष्मा लावून, ज्योतीत एक नळी फिरवत. वितळलेली काच लोंबायला लागली की असे हळूच फिरवायचे आणि ती पुन्हा सावरायची. मी अर्धा तास दारात उभी होते. मग म्हटलं, अहो, मी एक गोष्ट सांगते, तेवढी करून द्याल?”

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी मामा इथे येत होता. आम्हाला वाटायचं, टेकडीवर फिरायला जातो. बाई सांगायच्या, तो ऐकायचा, आठवडाभर काम आटपल्यावर बनवायचा आणि पुढच्या रविवारी पेटीत घालून आणायचा. बाई बघायच्या आणि म्हणायच्या, नाही.

“एकदा म्हणाल्या, हा तंतू फार घाबरलेला दिसतो,” मामा म्हणाला. “ते घाबरलेलं नव्हतं, म्हणे. बावचळलेलं होतं.”

“मग?”

“मग बावचळलेला केला. अकरा फुटले.”

“पण खरी कमाल यांच्या प्रश्नांची,” बाई म्हणाल्या. “मी अर्धं विसरून गेले होते. हे विचारायचे, वळलं तेव्हा आधी काय वळलं, घंटा की तंतू? रात्रभर डोळे मिटून पडले की मला ते दिसायचं. आधी आतली घंटा वळली होती! चाळीस वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं ते.”

त्या पेटीजवळ गेल्या आणि बोट न लावता त्यांनी आतल्या घंटेच्या वरच्या बाजूला एक जागा दाखवली. तिथे काचेला कंगोऱ्यासारखी एक बारीक घडी होती.

“हे बघ. ही घडी मी सांगितलीच नव्हती. एक दिवस हे म्हणाले, बाई, आतली घंटा बाहेरच्या घंटेला धरून राहत नाही. गार होताना तडकते, सात वेळा तडकली. इथे एक घडी दिली तर तग धरेल, पण तुम्ही पाहिली नसेल तर मी देणार नाही. आणि ते ‘घडी’ म्हणाले ना, तेव्हा मला ती दिसली. होती गं! तिथेच होती! माझ्या पेन्सिलीच्या चित्रात त्या जागी एक जाड रेघ आहे, ती मी इतकी वर्षं चुकून उमटलेली समजत होते.”

ज्या माणसाला आम्ही जेवताना मीठ पुढे सरकव म्हणून सांगायचो, त्याने कधी न पाहिलेल्या जिवाचं अंग असं घडवलं होतं, की काचेला तगायला जे हवं होतं तेच त्या जिवालाही होतं.

“मामा, तू कधी समुद्रात गेलायस?”

“गुडघ्यापर्यंत,” तो म्हणाला.

आणि मी याला शोभेची वस्तू लिहिलं होतं. मी बाईंना ते सांगून टाकलं आणि मला रडू आलं. त्या म्हणाल्या, “अगं, त्या शास्त्रज्ञांनी तर फाटका तुकडा म्हटलं होतं. तू त्यातल्या त्यात बरी.”

बाहेरच्या खोलीत आल्यावर मी पर्समधून चार ओळींचं पत्र काढलं. टाइप करूनच नेलं होतं, सही तेवढी हवी होती. बाईंनी ते वाचलं आणि बाजूला सारलं.

“माझं मी लिहीन.”

“बाई, तुमचं जुनं सगळं बाहेर येईल,” मामा म्हणाला. “मी नाही गेलो तरी चालेल.”

“येऊ दे बाहेर. मी आता हसण्याला घाबरण्याच्या वयात नाही. आणि तुम्ही नाही गेलात तर मला चालणार नाही.”

दोन तास त्या टेबलाशी वाकून लिहीत होत्या. चार पानं झाली. त्यांच्या बहिणीचा एक फ्लॅट वारशाने त्यांच्याकडे आला होता, तो विकून आलेले पैसे त्यांनी मामाला दिले होते. त्या व्यवहाराचे कागद आणि बँकेची नोंद त्यांनी स्वतःच शोधून दिली. मी दबकत विचारलं, पेटीतल्या जिवाचा एक फोटो काढू का?

“काढ,” त्या म्हणाल्या. “निदान याचा तरी निघू दे.”

परतीच्या बसमध्ये मी ती चार पानं वाचली. समुद्राची गोष्ट होती, रविवारांची होती, अकरा तंतूंचीही होती. शेवटी लिहिलं होतं, ‘बँकेच्या कागदावर ही रक्कम एका वस्तूची किंमत म्हणून दिसेल. माझ्या मते ती अर्धीच किंमत आहे. माझ्याकडे तेवढेच पैसे होते.’

सातव्या दिवशी आम्ही व्हिसाच्या ऑफिसात गेलो. जाड काचेमागे एक तरुण मुलगी बसली होती, सर्दीने नाक लाल झालेलं. तिने कागद मोजले, पत्र पाहिलं आणि कपाळावर आठ्या घातल्या. “एवढं मोठं? निवेदन एका पानाचं असतं.”

“मी पण हेच सांगते लोकांना,” मी म्हटलं. “पण एवढं वाचा.”

तिने पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलं. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. तिसऱ्या पानावर तिने नाक पुसायला घेतलेला रुमाल तसाच हातात राहिला. मग ती उठली आणि सगळे कागद घेऊन आत गेली. आम्ही वीस मिनिटं उभे. मामा त्या जाड काचेकडे बघत होता. मला वाटलं, काळजीत आहे. तो म्हणाला, “कडेला बुडबुडा आहे बघ. घाईत ओतलेली दिसते.”

आतून बोलावणं आलं. टेबलामागे पन्नाशीचे एक अधिकारी होते, पुढ्यात चार पानं आणि फोटो. त्यांनी मामाला बसायला सांगितलं, फ्लॅटच्या कागदावरच्या तारखा विचारल्या, बाईंच्या खात्यातून निघालेली रक्कम आणि मामाच्या खात्यात आलेली रक्कम ताडून पाहिली. पाच मिनिटांत ते काम झालं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“मला हवं होतं ते पहिल्या पानावर आणि या दोन कागदांवर मिळालं,” ते म्हणाले. “पुढची तीन पानं वाचायची गरज नव्हती. पण वाचली.” मग फोटोकडे बघत, जरा अवघडून त्यांनी विचारलं, “याला डोळे होते का हो?”

“बाईंना दिसले नाहीत,” मामा म्हणाला. “म्हणून मी केले नाहीत.”

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. “निर्णय पोस्टाने कळेल,” एवढंच म्हणाले. पण आम्ही दारापर्यंत पोचलो तरी ते फोटो हातात धरूनच बसले होते, आणि ती सर्दीवाली मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

सोळाव्या दिवशी पासपोर्ट आला, आत वर्षभराचा शिक्का. आई रडली, मग बॅग भरायला बसली. तिने एवढे लोकरीचे कपडे भरले की मामाचा जांभळा चष्मा आणि चिमटे ठेवायला जागा उरेना. दोघांचं त्यावरून भांडण झालं. मामा भांडताना सलग तीन वाक्यं बोलल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. निघायच्या आदल्या रविवारी तो बाईंकडे गेला, आणि यावेळी आईलाही घेऊन गेला. परत आल्यावर कितीतरी वेळ तिने दिवासुद्धा लावला नाही. मग मला म्हणाली, “तुझ्या मामाच्या ताटात मी आयुष्यभर भाजी वाढली गं. त्याच्या हातांकडे कधी पाहिलं नाही.”

मामा गेला त्याला आता चार महिने झाले. पहिला महिनाभर त्यांनी त्याला नुसता मऊ कुंचला दिला होता, कपाटातल्या जिवांवरची धूळ काढायला. दुसऱ्या महिन्यात दुरुस्तीचं टेबल मिळालं. परवा त्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. आईने फोन मोठ्या आवाजावर टाकून ओट्यावर ठेवला.

त्या दिवशी त्याच्याकडे एक काचेचं समुद्रफूल आलं होतं, खालचा तळ सुटलेलं. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. तळ अलग केला, तर आत जुन्या वाळलेल्या सरसावर बोटाचा ठसा होता. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो भाग दाबून धरला होता, सरस सुकेपर्यंत.

“रेघा न् रेघा दिसतात,” मामा म्हणाला. “अंगठाच आहे. डावा. माझ्यासारखाच डावरा असावा तो.”

“मग तू काय केलंस?” मी विचारलं.

“माझा अंगठा शेजारी धरून बघितला. त्याच्यावर नाही, शेजारी. मग दिवा बंद केला आणि जरा वेळ बसलो.”

“तो ठसा पुसावा लागणार? नवा सरस लावायला?”

“छे. कडेकडेने लावलाय. आठ तास लागले.” तो थांबला. लांबून कुठून तरी दार लागल्याचा आवाज आला. “आता तो आत बंद झाला. पुन्हा कधी तळ सुटला तर पुढच्याला दिसेल.”

आईने डोळे पुसले आणि फोनकडे वाकली.

“दादा, जेवलास का?”

“नाही,” मामा म्हणाला. “आता जातो.”